भर दुपारी जळणारा दिवा

पुन्हा मलाच पुढं केलं. गावात शिकलेली माणसं ढीगभर आहेत, पण पाहुणे आले की उठवा म्हाताऱ्याला. माझी कंबर धरलेली, आणि शाळेचं नि माझं कधी पटलं नाही. आता बसलाच आहात तर ऐका. मधे विचारू नका.

हा आमचा पार, आणि हा पितळी दिवा. भर दुपारी जळतोय म्हणून तुम्ही हसलात, ते मी पाहिलं. चिंचतळ्याची गावकी बसली की हा दिवा लागतो. ज्याच्यापुढं दिवा, त्यानंच बोलायचं. त्याचं संपलं की दिवा पुढच्याकडं सरकतो. पाटील असो नाहीतर सालगडी, मधे तोंड घालायचं नाही.

दिवा एका शायराचा. सय्यद बुऱ्हान त्याचं नाव, पण शायरीत स्वतःला ‘गर्द’ म्हणवायचा. गर्द म्हणजे धूळ. जुन्या काळी तो शहरातल्या एका नवाबाच्या पदरी होता म्हणे. तिथं मुशायरा बसला की शायराच्या पुढ्यात शमा, म्हणजे पेटता दिवा, आणून ठेवत. शमा पुढ्यात आहे तोवर बोलणं त्याचं, ही रीत. एकदा गर्द गझल म्हणत असताना नवाबाच्या मेव्हण्याला कंटाळा आला आणि त्यानं शमा दुसरीकडं न्यायला लावली. अर्धी गझल तोंडातच राहिली. शायर उठला, घरी जाऊन आपला स्वतःचा दिवा काखेत मारला आणि शहर सोडलं. असा तो इथं आला.

येसाई कुंभारणीनं त्याला भट्टीशेजारची खोपटी दिली. बाई विधवा, पदरी दोन लेकरं. हा रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा आणि तिच्या गाढवांपुढं गझला म्हणायचा. गाव हसायचं. हसणारच, गावाला दुसरं काम काय?

मग एका पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटला. खालची उभी पिकं वाहून गेली. येसाईनं माती खणून बांध पोखरला, असं गावानं आपसांत ठरवूनही टाकलं. या पारावर गावकी बसली. बाईला गावाबाहेर काढा, एवढाच गलका. ती तोंड उघडायची की सगळे तिच्यावर गरजायचे. लेकरं घेऊन त्या चिखलात ती जाणार कुठं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

तेवढ्यात गर्द आला. हातात पेटवलेला दिवा. तो त्यानं येसाईच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, “शमा जिसके सामने, बात उसकीच. बाकी जबानां बंद.”

पाटील भडकला. “अरे बुवा, ही तुझी गाढवांची मैफल नाही!”

“सही बोले पाटील. गधे बीच में नै बोलते.”

सांगतात, आधी एक जण हसला, मग सगळा पार हसला, आणि हसून झाल्यावर गप्प झाला. जळत्या दिव्यासमोर ओरडायला आपल्या माणसांची जीभ उचलत नाही. काहीजण सांगतात, सोसाट्याचा वारा होता तरी ज्योत हलली नाही. मी म्हणतो, तेव्हा दिव्याला काच असेल. चमत्कार झाला तो वेगळाच.

येसाई बोलली. “बांध फुटायच्या आदल्या दिवशी मी पाटलाच्या दारी गेले होते. बांधातून पाणी झिरपतंय, हे सांगायला. मला उंबऱ्यावरूनच हाकललं.”

पाटलाच्या ओठावर ‘खोटं’ आलं होतं, पण दिवा तिच्यापुढं. त्यानं दिवा उचलला. लोकांना वाटलं, आता आपटतो. त्यानं तो पायरीवर बसलेल्या आपल्या आईपुढं नेऊन ठेवला.

“आई, तू सांग.”

म्हातारी म्हणाली, “आली होती रे. पंगत बसली होती. मीच म्हटलं, उद्या ये.”

पाटलानं पागोटं उतरवून येसाईच्या पायाशी ठेवलं. बांध गावानं मिळून घातला. गर्द पुढं इथंच वारला. त्या चिंचेखाली त्याची कबर आहे.

त्याची एक ओळ आज गावात कुणाला येत नाही. शहरात कुणाला येत असेल तर ठाऊक नाही. पण येसाई माझ्या आज्याची आजी. त्या दिवशी ती हाकलली गेली असती, तर आमच्या घराचं चाक कुठं फिरलं असतं, देव जाणे. या माणसाचे उपकार आमच्या हाडात आहेत. आजही आमच्या आव्यातून, म्हणजे भट्टीतून, निघालेली पहिली पणती त्याच्या कबरीवर लागते. आजही ज्या बाईचा आवाज घरात कुणी ऐकत नाही, तिच्यापुढं इथं दिवा येतो आणि सारं गाव ऐकतं.

मधे बोललं तर दिव्यात तेल घालायचं आणि मोठ्यानं ‘चुकलो’ म्हणायचं. गेल्या बैठकीत दिवा माझ्यापुढं होता. मी जरा खोकायला थांबलो, तर एक जण मधेच सुरू झाला. तेल घातलं त्यानं, नाही म्हणत नाही. ‘चुकलो’ अजून यायचंय. नाव सांगतो, लाज कसली? नारायण टेकाळे. माझा सख्खा व्याही.