पासष्ट गुण देणारा माणूस

माझी नात ऋजुता मोबाईलवरचे खेळ बनवते. तिच्या नव्या खेळात एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला नदीवर न्यायचं असतं. त्याची चाल तिनं माझीच घेतली, म्हणून कौतुकानं मला कचेरी दाखवायला नेलं.

तिथं तिचे धारपसाहेब तापलेलेच होते. सगळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी एक वेबसाइट असते म्हणे. तिच्यावर खेळाला शंभरात पासष्ट पडले होते.

"ऐंशीच्या खाली कुणी ढुंकून बघत नाही. तो म्हातारा फार रेंगाळतो. त्याला पळव, नाहीतर खेळ बंद!"

पोरीचा चेहरा उतरला. मग हळूच म्हणाली, "पळवते, सर. फक्त पासष्ट ज्यानं दिले, त्याला विचारू या, किती पळवू ते."

साहेबांनी ते पान वर-खाली सरकवून पाहिलं. कुणी पंच्याण्णव दिले होते, कुणी पस्तीस. पासष्ट कुणीच दिले नव्हते.

"म्हणजे सर, जो माणूस जन्मलाच नाही, त्याच्यासाठी मी माझ्या आबांना पळवू?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि ओशाळून हसले. "राहू दे. चालू देत त्यांना सावकाश."

जिना उतरताना ऋजुतानं माझा हात धरला. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, पण तिनं घाई केली नाही.