मिटल्या कमळातला भुंगा

तळ्याकाठी एकदा एक काव्यशाळा होती. तिथले वृद्ध आचार्य श्लोकाचा शेवटचा चरण देत आणि उरलेले चरण शिष्यांनी रचायचे, असा पाठ असे. त्या दिवशी त्यांनी कवींचा लाडका भुंगा दिला. संध्याकाळी कमळ मिटते आणि मध पिणारा भुंगा आतच अडकतो. कोरडे लाकूड पोखरणारा जीव, पण कोवळी पाकळी काही फोडत नाही.

वामन हा आचार्यांचा आवडता शिष्य. आई गेल्यावर थोरल्या बहिणीने, अक्काने, त्याला वाढवले होते. नेमका त्याच दिवशी तिच्या सासरगावाहून बांगड्या भरणारा कासार आला.

"वामनभट, अक्कांचा निरोप आहे. मला इथून घेऊन जा, म्हणाल्या. फार मारतात हो त्यांना."

सासर म्हटले की सोसणे आलेच, अशी वामनाने मनाची समजूत घातली. शिवाय डोक्यात श्लोक घोळत होता. तो त्याने तिथेच पुरा केला: भुंगा पाकळी फोडत नाही, कारण प्रेमाचे बंधन त्याला मुक्तीहून गोड वाटते.

"हेच अक्काला सांगा," तो कासाराला म्हणाला.

आचार्यांनी मान डोलावली, शिष्यांनी वाहवा केली. एवढी शहाणीसुरती माणसे, पण एकालाही उठून चालू लागावेसे वाटले नाही!

पुढच्या फेरीला कासार आला तो गाठोडे न सोडताच ओट्यावर बसला.

"माझा निरोप दिलात?" वामनाने विचारले.

"दिला. अक्कांनी दोनदा म्हणायला लावला. मग म्हणाल्या, 'वामन्या न्यायला कधी येतो?' मी म्हटलं, एवढंच सांगितलंय. तशी त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. बांगड्या नकोत म्हणाल्या." कासाराने मान खाली घातली. "विहिरीतून काढलं त्यांना."

त्या संध्याकाळी आचार्य धोतरासकट तळ्यात उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून मिटलेली कमळे हातांनी उघडू लागले. म्हातारपणी यांचे डोके फिरले की काय, असे शिष्य काठावर कुजबुजू लागले. वामन पायरीवर सुन्न बसला होता. आचार्यांनी त्याला जवळ बोलावले. त्यांच्या ओल्या तळहातावर एक भुंगा निपचित पडला होता.

"जन्मभर मी याच्या प्रेमाचे गोडवे गायले आणि तुम्हांला गायला शिकवले. तो आत सुखाने राहतो की गुदमरतो, हे पाहायला कधी पाण्यात पाय घातला नाही. हा तर बोलून चालून मुका जीव. तुझी अक्का हाक मारत होती, वामना. तिच्या हाकेचाही आपण अलंकार केला."

"आता पाकळ्या उघडून तिला काय मिळणार, गुरुजी?"

"काही नाही." आचार्य म्हणाले. "तिला आता काहीच मिळणार नाही."

भुंगा हलला नाही. वामन पाण्यात उतरला आणि पुढचे कमळ उघडू लागला.

त्याचा श्लोक मात्र गोड होता; गावोगावच्या शाळांतून तो घोकला जाऊ लागला. वामनाने पुन्हा ओळ रचली नाही. वाटेत कुठे कासार दिसला, की हातातले काम टाकून तो उभा राही आणि विचारी, "कुणी बोलावलंय का?"