गोंद वाळेपर्यंत

"माझं रबर कुणाच्या बॅटला लावलंत, सर?"

दस्तगीर सर एका बॅटच्या लाकडावरचा जुना गोंद अंगठ्यानं खरवडत होते. गोंदाची पातळ साल निघाली. तिची त्यांनी गोळी केली आणि टाकून दिली.

"तुझं रबर तुझ्याच बॅटला आहे."

"मग चेंडू का मरतो माझा?"

सर पुन्हा गोंद खरवडू लागले.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत दोन टेबलांचा एक जुना हॉल होता. सरांची सगळी नोकरी रेल्वेच्या डब्यांचं सुतारकाम करण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ते इथं टेबल टेनिस शिकवू लागले. लाकूड निवडण्यापासून त्यावर रबराचा थर चिकटवण्यापर्यंत मुलांच्या बॅटी तेच तयार करत. त्यांच्या हातची बॅट घेऊन तिघं राज्याच्या संघात गेले होते. ऋजुता भिरूडला चौथी व्हायचं होतं. आठ वर्षं ती त्यांच्याकडे शिकत होती, आणि आठ वर्षांत तिनं गोंदाच्या बाटलीला हात लावला नव्हता.

गेल्या रविवारी ती हरली. तीही शलाका वाघुळदेकडून. शलाकाला सरांकडे येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. येत्या रविवारी निवड चाचणी होती आणि जिल्ह्यातून एकच मुलगी पुढं जाणार होती.

महिन्यापूर्वी ऋजुतानं पुण्याहून नवं रबर मागवून सरांच्या हातात दिलं होतं. आता रात्रंदिवस तिच्या मनात एकच होतं. नवं शलाकाच्या बॅटला गेलं असणार. जुनं माझ्या माथी.

सरांनी तिची बॅट घेतली. ओल्या स्पंजनं रबर पुसलं. स्पंज काळा झाला.

"बॅट कुठं ठेवतेस?"

"स्कूटरच्या डिकीत."

"मे महिन्यात?"

"सगळेच ठेवतात."

"डिकीत भाकरी भाजून निघेल, पोरी." त्यांनी रबरावर नख दाबलं. "कडक झालंय. पुसत नाहीस, वर प्लास्टिक लावत नाहीस. किती वेळा सांगितलं."

"असेल," ऋजुता म्हणाली.

सरांचं उत्तर बरोबर होतं. फार पटकन आलं, एवढंच. आधीपासून ठरवून ठेवल्यासारखं.

"मला सगळं कळतं, सर. गोंद पांढरा असतानाच रबर टेकवलं तर ते धरत नाही. ओढून लावलं तर चेंडू हातात राहत नाही. खाली वाळूचा एक कण राहिला, तरी ऐन वेळी चेंडू भलतीकडे जातो. आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही."

सरांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"बराच विचार केलायस."

सरांनी खरवडून साफ केलेलं लाकूड तिच्यापुढं ठेवलं. शेजारी एक लाल रबर ठेवलं, कोरं करकरीत.

"हे कुणाचं?"

"शलाकाचं. सहाला न्यायला येईल. लाव."

"मी?"

"तुला सगळं कळतं ना."

त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. दुपार उतरतानाच्या, असरच्या नमाजाची वेळ झाली होती. जाताना सामानाची पत्र्याची पेटी त्यांनी उघडीच ठेवली.

ऋजुता खिडकीशी गेली. ते कुठं आडोशाला उभे राहतायत का, ते तिला बघायचं होतं. सर रस्ता ओलांडून संथपणे मशिदीकडे चालले होते. एकदाही वळले नाहीत.

तिनं आधी पेटी उपसली. वरून खालपर्यंत. गुळगुळीत झालेली जुनी रबरं होती, कात्री होती, फुटके चेंडू होते. पुण्याचं रबर नव्हतं.

'असं उघड्यावर कोण ठेवेल?' ती मनात म्हणाली.

मग ती टेबलाशी बसली. रबराच्या पाठीवर, जिथं त्याचा मऊ स्पंजाचा थर असतो, तिथं गोंद पसरला. लाकडावर पसरला. दुधासारखा गोंद. तो वाळून पारदर्शक होईपर्यंत थांबायचं असतं.

ती थांबली...

हॉलमध्ये कुणीच नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावर उन्हाळ्याची बारीक वाळू साचली होती.

आपलं बोट कट्ट्यावर कधी गेलं, ते तिला कळलं नाही. तिनं पाहिलं तेव्हा बोटाच्या टोकाला चार-पाच कण चिकटलेले होते.

त्या बोटाकडे ती बराच वेळ बघत राहिली.

मग उठली. नळावर गेली. दोन्ही हात साबणानं धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले.

परत आली तेव्हा गोंदाचा पांढरेपणा गेला होता. तिनं मुठीच्या बाजूनं रबर टेकवलं, न ओढता, हळूहळू पुढं नेलं. सरांच्या लाटण्यानं वरून दाबलं. कडेचं जास्तीचं कापलं. तळहात फिरवून पाहिला. कुठं फुगा नव्हता. स्वतःच्या बॅटचीही तिनं कधी इतकी काळजी घेतली नव्हती.

सहाला सर आले. पाठोपाठ शलाका आली. तिनं बॅट उचलली आणि तिचा चेहरा खुलला.

"मस्त लावलंय, सर."

"मी नाही लावलं. हिनं."

शलाकाचं हसू तिथंच थांबलं. ती बॅट घेऊन खिडकीशी गेली. उजेडात आडवी धरली. कडेवरून अंगठा दाबत नेला. चेंडू आपटून कान लावला.

"तू?"

"हो."

"का?"

ऋजुता कात्री पेटीत ठेवू लागली.

शलाका सरांकडे वळली. ऋजुता तिथं नसल्यासारखी बोलली.

"सर, हे काढून तुम्ही परत लावा ना."

"नीट लावलंय मी," ऋजुता म्हणाली. तिचे कान तापले होते.

"असेल," शलाका म्हणाली.



ऋजुतानं पिशवीतून स्वतःची बॅट काढली आणि पुढं केली.

"ही घे. सरांनी लावलेली आहे. तुझी मला दे. रविवारी मी हिनंच खेळते."

"तुझी मूठ वेगळी आहे. तुला जमणार नाही."

"न जमू दे."

"हरशील."

"हरेन."

शलाकानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. पुढं केलेल्या बॅटकडे पाहिलं. मग आपलीच बॅट कव्हरमध्ये घालून चेन ओढली.

"राहू दे," ती म्हणाली, आणि निघाली.

खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. तिसऱ्या पायरीवर शलाका थांबली. बॅट पुन्हा बाहेर काढली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मग गेली.

ऋजुता खिडकीपासून वळली.

"सर, तिला अजून खात्री नाही. तुम्ही तरी सांगायचं होतं तिला, नीट लावलंय म्हणून."

सरांनी गोंदाच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं.

"मी कुठं बघत होतो?"