करवंदीचं ओलं बी

डोंगरातली जनावरं आणि झाडं एकमेकांशी बोलत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावर करवंदीची एकच म्हातारी जाळी उरली होती. कुणाच्या हिरड्या सुजल्या, कुणाला पित्त झालं, की सगळे तिच्याकडे यायचे आणि आंबटगोड करवंदं खाऊन बरे व्हायचे.

जाळीनंतर काय, या काळजीने खारूताई दर उन्हाळ्यात करवंदांचं बी सुकवायची, राखेत जपायची आणि पुढच्या वर्षी पेरायची. वालाचं बी असंच टिकतं, हे तिने पाहिलं होतं. पण करवंदीचं एकही बी उगवत नव्हतं.

त्या वर्षी जाळीला मूठभरच फळं धरली. हिरड्या सुजलेला एक ससुला आला आणि करवंदं खाऊन बिया थुंकू लागला.

"अरे मेल्या, शेवटचं बी आहे ते!" खारूताई ओरडली.

"हिरडीला टोचतंय गं, आत्या!"

"खाऊ दे त्याला," जाळी म्हणाली. "त्याचं दुखणं वर्षभर वाट बघेल का?"

खारूताई रुसून गेली. पावसानंतर परतली, तेव्हा ससुल्याने थुंकलं होतं तिथेच पाच कोंब आले होते. करवंदीचं बी ओलंच रुजतं, आपण सुकवून ते मारत होतो, हे कळून ती राखेजवळ बसून रडली.

"वेडे, तुझ्याइतकं मला कुणी जपलंय का?" जाळी म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात ससुला दिसताच खारूताई धावत आली. तिला माफी मागायची होती, पण तोंडात ओल्या बिया भरल्या होत्या. तिने नुसतीच शेपटी हलवली आणि माती उकरू लागली.