खारीच्या चारोळ्यांच्या पुड्या

सागाच्या एका दाट जंगलात, जुन्या आंब्याच्या ढोलीत एक खार राहत असे. ढोली कसली, ओंजळभर भोकच ते! पण खार भारी नेटकी. चारोळ्या वेचायच्या, पळसाच्या पानात दाबून भरायच्या आणि वेलीच्या दोरीने तीन-तीन गाठी मारायच्या, हा तिचा नेम. पावसाळाभर पुरतील इतक्या पुड्या तिने एवढ्याशा जागेत रचल्या होत्या. झाडाखालच्या ऐसपैस बिळात एक उंदीर राहत असे. त्याच्या चारोळ्या बिळभर पसरलेल्या. "काय हा पसारा, भाऊ! इतक्या जागेत माझ्या दहा वर्षांच्या पुड्या मावतील," असे म्हणून खार नाक मुरडी.

पुढे खारीला तीन पिल्ले झाली. त्यांचे दूध सुटले आणि रोज सकाळी एकच गलका होऊ लागला, "आई, खाऊ! आई, खाऊ!" खार बिचारी गाठी सोडत बसे. एक सुटते न सुटते तोच दुसरी अडे. पुडी उघडेपर्यंत ऊन डोक्यावर येई आणि पिल्ले रडून रडून पेंगत. त्यांची खपाटीला गेलेली पोटे पाहून तिचा जीव तुटे. खालून उंदीर म्हणाला, "ताई, पिल्लं काय गाठी खाणार आहेत? माझं बघ, हात घातला की घास तोंडात!"

खारीला ते चांगलेच झोंबले. तिने त्याच दिवशी सगळ्या पुड्या सोडल्या, अगदी एकूण एक! मग काय विचारता, मुलांनो! चारोळ्या ढोलीत मावेनात. पिल्लांना निजायला जागा उरेना. धाकट्याने जांभई देऊन पाय ताणले मात्र, घडघडघड चारोळ्या खाली! "आज कुणाकडे लग्न आहे वाटतं," म्हणत रानकोंबड्या धावल्या आणि चांगल्या चार पुड्यांचा ऐवज त्यांनी फस्त केला. "अगं बाई, पावसाळ्यात माझी लेकरं काय खातील?" खार रडकुंडीला आली. उंदराने कोंबड्यांना हुसकले आणि तो झाडावर चढला. "ताई, माझं बीळ मोठं, म्हणून माझा पसारा खपतो. तुझी ढोली केवढी!"

खारीने डोळे पुसले आणि ती एकदम खुदकन हसली. "भाऊ, चुकलंच माझं. सगळं बांधलं तेही चुकलं, सगळं सोडलं तेही चुकलं!" दोघांनी मिळून पुड्या पुन्हा बांधल्या. फक्त एका दिवसाचा खाऊ ढोलीच्या तोंडाशी मोकळा ठेवला. तेव्हापासून पिल्ले संध्याकाळी फांदीवर खेळत असली, की खार उद्याची एक पुडी सोडून ठेवू लागली. दुसऱ्या सकाळी "आई, खा..." एवढे म्हणेपर्यंत तिघांचे गाल फुगलेले! पोट भरल्यावर धाकट्याने एक चारोळी खाली भिरकावली. ती नेमकी उंदराच्या डोक्यावर बसली. "माझाही खाऊ आला!" म्हणत त्याने ती मटकावली, आणि अख्खी ढोली खिदळू लागली.

तात्पर्य : जागा वाचवायला गेले की वेळ जातो आणि वेळ वाचवायला गेले की जागा जाते, म्हणून जे आत्ता लागणार ते हाताशी मोकळे ठेवावे आणि उरलेले नीट बांधून ठेवावे.