कुमुदआत्याने जपानात भरलेली ओटी

खोटं वाटेल, पण आमच्या कुमुदआत्याने जपानात पाऊल ठेवलं आणि तेच मुरगळलं. हॉटेलात काम करणाऱ्या हानाबाईंनी तो पाय दोन दिवस शेकला. निघताना आत्याने त्यांच्या हातात नोट ठेवली, तर मालक आडवा आला.

"आमच्याकडे बक्षिसी देणं हा अपमान समजतात. परदेशी येताना तिथली रीत शिकून यावी," तो तोऱ्यात म्हणाला, आणि सोबतच्या गाइडने ते आत्याला मराठीत सांगितलं. हानाबाईंनी ओशाळून नोट परत केली.

आत्याने पिशवीतून खण, तांदूळ आणि विमानतळावर तिघांशी भांडून आणलेला नारळ काढला. हानाबाईंना कुंकू लावलं, खणात तीच नोट ठेवली आणि ओटी भरली.

"हे तेच झालं," मालक म्हणाला.

"नाही हो. बक्षिसी नोकराला देतात, ओटी लेकीची भरतात. ती परत केली तर आमच्याकडे माहेरचा अपमान होतो. आता पाहुणीचा अपमान करायचा का, ते तुम्हीच ठरवा."

गाइडने हे जपानीत सांगताच मालक कमरेत वाकला. मग हळूच म्हणाला, "पुरुषांसाठी काही रीत असते का?"

"असते की. लेकीला सुखात ठेवणाऱ्याला आम्ही आहेर करतो. पुढच्या वर्षी येऊन हानाला विचारते."