धाकू मेस्ताचं गलबत

आगबोटीचा धूर या किनाऱ्यानं अजून पाहिला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. शिरंगवाडीच्या खाडीवर धाकू मेस्त नावाचा गलबतं बांधणारा सुतार राहायचा. लाकूड त्याच्याशी बोलायचं, असं म्हणतात.

एका वर्षी भात करपलं. पलीकडच्या बंदरातून तांदूळ आणायचे, तर मोठं गलबत हवं. गावानं साग तोडून दिला आणि धाकूनं कधी बांधलं नव्हतं एवढं उंच गलबत बांधलं. भरतीला ते पाण्यात लोटलं. डोलकाठीशी गलबत हाकणारा सोनू तांडेल उभा होता, धाकूच्या बायकोचा, येसूचा, पाठचा भाऊ. शीड चढलं, वाऱ्याची एक झुळूक आली आणि गलबत आडवं झालं. सोनू शिडाखाली सापडला, तो वर आलाच नाही.

कुणी म्हणालं, खाडी कोपली. कुणी म्हणालं, मुहूर्त चुकला. धाकूला काहीच कळेना. कुठे फट नव्हती, पाणी शिरलं नव्हतं, ओझं तर नव्हतंच. लोखंडाची एक मेख पाण्यात बुडते आणि हजार मेखा ठोकलेलं गलबत तरंगतं, हेच कोडं त्याला कधी सुटलं नव्हतं. आता हे दुसरं. रिकामं, हलकं गलबत उलटलंच कसं? लोकांनी दोर लावून ते वाळूवर ओढलं. धाकू मात्र सात दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. पायांवर शेवाळ चढलं, असं म्हणतात.

आठव्या दिवशी येसू घागर घासायला आली. भाऊ गेल्यापासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती. घासायची वाळू घागरीत असतानाच घागर हातून सुटली आणि पाण्यावर ताठ उभी तरंगू लागली. धाकूनं ती ओढून घेतली. वाळू ओतून टाकली, तर घागर आडवी लोळली. पुन्हा तळाशी वाळू घातली, तर उभी राहिली. बोटानं कलवली, तरी परत सरळ.

"माझो भाव गेल्यावर ह्या दिसला तुमका?" येसू म्हणाली.

धाकूनं घागर तिच्या हाती दिली. तो डोंगरावर गेला आणि काळे धोंडे उतरवू लागला. लोक चक्रावले. "मेस्तानू, एकदा उलटलेल्या गलबतात धोंडे घालतास?"

"माका कळूक नाय," धाकू म्हणाला. "पण घालतंय."

कुणी हात लावीना. मग येसूनं एक धोंडा उचलला आणि गलबताच्या तळाशी नेऊन ठेवला. तिच्यामागून सारा गाव आला. धोंडे हलू नयेत म्हणून धाकूनं वरून फळ्या ठोकल्या. तो स्वतः चढला, तेव्हा कुठे चार खलाशी तयार झाले.

तांदूळ घेऊन परतताना खाडीच्या मुखाशी वादळानं गाठलं. डोलकाठीचं टोक पाण्याला टेकलं. धाकूनं डोळे मिटले. तळाचे धोंडे घुमले, असं म्हणतात, आणि गलबत कण्हत उभं राहिलं. तीनदा झोपलं, तीनदा उठलं. कुणी सातदा म्हणतात.

गावात चुली पेटल्या. धाकू मात्र मरेपर्यंत ज्याला त्याला विचारत राहिला, ते उठलं कसं?

शिरंगवाडीत आजही नवं गलबत पाण्यात गेलं, की तळाशी पहिला धोंडा गलबतवाल्याच्या घरची बाई ठेवते. मग सारे गलबताच्या एका कडेला उभे राहून धाकूच्या नावानं ते कलवतात आणि झटकन मागे सरतात. ते सावकाश सरळ झालं, की आधी सोनू तांडेलाला हाक मारतात. शीड त्यानंतर चढतं.